वजन ६४, पोट मात्र पुढे: डाएट करू की नको?

पौडरोडकर:
वय ४४, उंची १७० सेंमी, वजन ६४. ऑफिस हिंजवडीला, म्हणजे दिवसातले दोन-अडीच तास गाडीतच. कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.० आलं, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. डॉक्टर म्हणाले, पोट कमी करा. आई म्हणते, "आधीच काटकुळा, आणखी काय वाळणार?" मित्र म्हणतात, डॉ. दीक्षितांचं कर: दोनदा जेव, ५५ मिनिटांत उरक. बायकोचा आग्रह, रात्री फक्त सूप. रविवारी सिंहगड चढतो (वर भजी आणि मडक्यातलं दही होतं, ते सोडा). बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२ म्हणजे नॉर्मल ना? मग कमी नक्की काय करायचं?

तळजाईमावशी:
आई हातपाय बघतायत, डॉक्टर पोट. दोघांचंही खरंच आहे. हे कोडं आपल्या पुण्यातलंच. केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार लागायच्या आत धावत आत शिरणं, अशी कोपरखळी त्याच लेखात आहे. तेव्हा काटा राहू दे, शिंप्याची टेप आणा. आणि पँटचा नंबर सांगू नका, पुरुष पँट पोटाखाली बांधतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मापायचं. पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमीच्या आत हवं, बायकांना ८०च्या. आणि दिवसभराचं खाणं लिहा, खरं खरं.

पौडरोडकर:
९४ भरलं. पँट ३२ची आहे.
सकाळी पोहे. डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची नाहीतर कोबीची भाजी. चारला चहा-खारी. रात्री वरणभात, पोळी, लोणचं.

कर्वेनगरी:
मावशी, हा तर माझाच डबा! फक्त माझ्याकडे खारीऐवजी क्रीमरोल.

तळजाईमावशी:
सकाळपासून रात्रीपर्यंत पिठूळच चाललंय की. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ५३ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि आपलं वरण म्हणजे हळदीचं पाणी, डाळ तळाला. त्यावर रात्री सूप धरलंत तर काटा खाली जाईल, पण चरबीबरोबर स्नायूही जातील, जे तुमच्याकडे आधीच बेताचे आहेत. दोनदा जेवून गुण आलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण ताटात हेच राहणार असेल तर दोनदा जेवा नाहीतर चारदा. (साखर कमी करायची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलू नका, चक्कर येऊन पडाल.)
पोहे निम्मे घ्या, सोबत दोन अंडी. अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं आणि दही. डब्यात एक पोळी कमी, मटकीची उसळ वाटीभर, पण रस्सा नव्हे, दाणे. रात्री वरण घट्ट, भात मूठभर. सिंहगड छान, पण आठवड्यातून एकदाच ना? रोज अर्धा तास झपझप चाला आणि दोन दिवस उठाबशा, जोर, नाहीतर वजनं. बायसेप दाखवायला नाही हो, साखर बरीचशी स्नायूत खर्च होते म्हणून. काटा ६४वरच अडला तरी घाबरू नका, टेप बघा. एचबीएवनसी तीन महिन्यांनी; त्याआधी करून उपयोग नाही.

पौडरोडकर:
आईमुळे अंडी घरात शिजत नाहीत. धिरडं जमेल. खारी पूर्ण बंद करायची का?

तळजाईमावशी:
रोजची बंद. रविवारी भजी की खारी, एकच काय ते ठरवा.