शब्दचर्चा : ‘ओळखीचा’ म्हणजे ‘भरवशाचा’ का?

सांगलीहून :

गेल्या महिन्यात माझी भाची साताऱ्याच्या बसस्थानकावर रात्री साडेनऊला अडकली. कराडमार्गे सांगलीला येणारी गाडी लागायचं नाव नाही, फोनची बॅटरी संपत आलेली. तेवढ्यात एक गृहस्थ जवळ आले. ‘तू अमक्यांची मुलगी ना? मी कराडला होतो तुझ्या बाबांबरोबर नोकरीला. सांगलीलाच निघालोय, चल, सोडतो घरी.’ बाबांचं नाव बरोबर, नोकरीचं गाव बरोबर, आजोळही बरोबर. ती म्हणाली, ‘एक मिनिट काका, बाबांना फोन लावते, तुम्हीच बोला.’ फोन लागेपर्यंत ‘गाडी बाहेर काढतो’ म्हणून ते गेले ते पुन्हा आले नाहीत. बस लागेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या त्या पेरू विकणाऱ्या एक मावशी. नाव-गाव काही माहीत नाही. पाटी फडक्याने झाकून त्या म्हणाल्या, ‘बस बाळ. तुझी गाडी लागल्याबिगर मी काय उठत न्हाई.’

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, ‘वळखीचं कुणी नव्हतं व्हय गं ष्ट्यांडावर?’ भाची म्हणाली, ‘होतं की आजी. त्याचीच भीती वाटली.’

ते गृहस्थ खरोखरच जुने सहकारी असतीलही. भावोजींना तसं कुणी आठवत नाही. पण आईच्या त्या प्रश्नातला ‘वळखीचं’ हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आपण मराठीत ‘ओळखीचा’ हा शब्द ‘भरवशाचा’ या अर्थाने सर्रास वापरतो. ‘डॉक्टर ओळखीचे आहेत’, ‘रिक्षावाला ओळखीचाच आहे’, ‘ओळखीच्या घरात खोली मिळाली’. या वाक्यांत ओळख आणि खात्री एकच होऊन बसल्या आहेत. मला वाटतं त्या वेगळ्या काढायला हव्यात, आणि त्या वेगळ्या काढणारे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत.

ओळख सांगते तो माणूस कोण. तो कसा आहे ते सांगायला ‘पारख’ लागते. पारख हा शब्द ‘परीक्षा’वरून आलेला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिलेत का? व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड काढतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. शेतकरी कुणाचा कोण हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं, तरी हळकुंड मोडल्याशिवाय तो दर बोलत नाही. हळदीला एवढं, आणि मुलीला गाडीत बसवताना मात्र ‘अमक्याचा मेहुणा आहे’ एवढ्यावर भागतं.

‘भरवसा’ आणि ‘विश्वास’ यांतही फरक आहे. आपण ‘पावसाचा भरवसा नाही’ म्हणतो, ‘पावसावर विश्वास नाही’ असं म्हणत नाही. भरवसा अनुभवातून येतो, म्हणून तो बैलाचा, मोटारीचा, विहिरीच्या पाण्याचाही असू शकतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, विश्वासाच्या म्हशीला नाही. ‘विश्वास’मध्ये श्वस् हा धातू आहे, श्वास घेण्याचा. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तो विश्वासाचा. मावशींच्या शेजारी बसल्यावर भाचीला नेमकं तेच झालं असणार. 1761 साली पेशव्यांचा मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला, तेव्हापासून ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असं आपण म्हणत आलो. पण नेहमीच्या बोलण्यात ते फार लवकर म्हटलं जातं, आणि मुख्य म्हणजे ते परक्यांबद्दलच म्हटलं जातं.

आपली जुनी म्हण मात्र परक्याबद्दल नाही. ‘ओळखीचा चोर जीवे न सोडी.’ अनोळखी चोर माल घेऊन पळेल, ओळखीच्याला आपण नाव घेऊन सांगू याची भीती असते, म्हणून तो जिवावर उठतो. ही म्हण मी लहानपणी शंभरदा ऐकली आणि पुढे आकडे वाचले तेव्हा अंगावर काटा आला. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की नोंदवलेल्या बलात्कारांच्या दहांपैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा, लग्नाचं वचन दिलेला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानेही हे ओळखलं आहे. मुलाच्या विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने, नातलगाने, शिक्षकाने अत्याचार केला तर तो अधिक गंभीर गुन्हा धरला जातो.

माझा प्रश्न असा. ओळखीच्या पायऱ्या सांगणारे शब्द मला हे सुचले : तोंडओळख, जुजबी ओळख, परिचय, उठबस, घसट, घरोबा. तुमच्याकडे आणखी कोणते आहेत? आणि सावध राहायला सांगणारे कोणते?

विट्याहून :

आमच्याकडचा एक शब्द देतो, ‘टंच’. सोन्याची शुद्धता. खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेली आहेत, हे सांगलीकरांना सांगायला नको. जुनं सोनं-चांदी मुशीत आटवून शुद्ध करून द्यायचं. माझे वडील तमिळनाडूत होते. भाषा येत नाही, गावात कुणी विचारत नाही, आणि धंदा काय तर दुसऱ्याचं सोनं हातात घेण्याचा. ते सांगायचे, पहिल्यांदा सराफ दोन गुंजा सोनं देऊन बघायचा. ते बरोबर परत गेलं की मासा, मग तोळा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे भरवसा किती वाढला हे चक्क मोजता यायचं. वडील एखाद्या माणसाबद्दल बोलताना ‘चांगला आहे’ म्हणत नसत, ‘टंच काढलाय त्याचा’ म्हणत.

आणि त्यांना फसवलं कुणी? तिथल्या परक्या सराफाने नाही. गावाकडून आणलेल्या, भावकीतल्याच पोराने. त्याचा टंच कुणी काढलाच नव्हता, कारण तो ‘आपला’ होता. वडील त्यानंतर दोन वर्षं गावच्या जत्रेला आले नाहीत.

सांगलीहून :

फार मोलाचं लिहिलंत. फक्त एक अडचण मनात येते. दोन गुंजांची परीक्षा सोन्याला चालते. रात्रीच्या स्टँडवर एकट्या मुलीला तेवढा वेळ नसतो. तिथे एकाच प्रश्नात टंच निघायला हवा. ‘बाबांशी बोला’ हा तसा प्रश्न होता. सरळ माणूस त्यावर रागावत नाही, उलट बरं वाटतं त्याला. जो रागावतो, घाई करतो, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणतो, त्याच्या गाडीत बसू नये.

कराडहून :

‘पाव्हणं’ राहिलं. आमच्याकडे अनोळखी माणूस पारावर आला की ‘काय पाव्हणं, कुठलं म्हणायचं?’ असं विचारतात. नवख्याला वाटतं हे आदरातिथ्य आहे, आणि ते असतंही. पण ती चौकशीही असते. गाव, आडनाव, कुणाकडे आलात, सोयरीक कुठं. चार प्रश्नांत माणूस कुठल्या ना कुठल्या धाग्याला बांधला जातो. बांधला गेला की चहा.

जतहून :

पाव्हण्यांचाच मुद्दा पुढे नेतो, कारण आमच्या तालुक्याला त्याची मोठी लाज वाटावी असं घडलं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये लवंगा गावात उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला चालले होते. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणारे आहेत अशा संशयावरून लोकांनी त्यांना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. नंतर पोलिसांनी कागद तपासले, ते खरोखरच साधू निघाले. ते जिवंत राहिले हे नशीब. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेने पाच जण ठेचून मारले गेले. ते भिक्षुकी करून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते.

त्यावेळी मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरातला शब्द होता ‘टोळी’. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे.’ आता सांगली-साताऱ्यात टोळी म्हणजे काय? दिवाळीच्या आगेमागे मुकादम ट्रॅक्टर घेऊन येतो, बीडकडची माणसं येतात, पाचटाच्या झोपड्या पडतात. ‘आमच्या फडावर टोळी आली’ असं शेतकरी आनंदाने सांगतो. ऊसतोडीची टोळी. त्यांची बारकी पोरं आपल्या बांधावर खेळतात. तोच शब्द अफवेत आला की त्याच माणसांकडे बघायची नजर बदलते. मी स्वतः त्या आठवड्यात एका अनोळखी फेरीवाल्याला वस्तीवरून हाकललं होतं. त्याच्याकडे चाळण्या होत्या, दुसरं काही नव्हतं. पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्याला.

संशय आला तर पोलिसांना 112 ला फोन करावा, चार माणसांत बसवून ठेवावं, हात लावू नये. पारख एकट्याने करता येते, जमावाला कधीच करता येत नाही.

साताऱ्याहून :

सावध करणाऱ्या शब्दांत कुणीतरी ‘भामटा’ लिहील, त्याआधी विनंती करते, तो घेऊ नका. भामटा हे एका समाजाचं नाव आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसं जन्मानेच संशयित ठरवली. तो कायदा 1952 मध्ये गेला, शब्द शिवी म्हणून राहिला. आमच्या भागातला रामोशी समाजही त्याच यादीत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण तोच करत होता. सगळं गाव ज्याच्या जिवावर झोपायचं त्यालाच चोर ठरवलं. ‘लबाड’, ‘ठकसेन’, ‘गोडबोल्या’ असे कितीतरी शब्द आहेत, ते वापरा.

मिरजेहून :

प्राथमिक शाळेत शिकवते. मला ‘काका’ या शब्दाची काळजी वाटते. आपण पोराला शिकवतो की अनोळखी माणसाशी बोलू नको, आणि समोर येईल त्याला ‘काकांना नमस्कार कर’ म्हणतो. दूधवाले काका, व्हॅनवाले काका, वरच्या मजल्यावरचे काका. पोराच्या दृष्टीने अनोळखी कुणी उरतच नाही. काकांनी मांडीवर बसवलं आणि मूल आक्रसलं तर आपणच म्हणतो, ‘असं काय करतोस, काका आहेत ना.’ माझ्या वर्गात मी आता नात्याऐवजी वागण्याबद्दल बोलते. जो ‘आईला सांगू नको’ म्हणतो त्याचं आईला आधी सांगायचं, मग तो सख्खा मामा का असेना. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेते.

आणि शब्द हवा होता ना? ‘लघळ’. आजच्या मुलींना हा माहीतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ओळख दोन पैशांची आणि सलगी दोन रुपयांची, तो लघळ. बोलता बोलता खांद्यावर हात, उगाच खाजगी चौकशी, नको म्हटलं तरी पुन्हा तेच. आमच्या आज्या ‘लई लघळ हाय त्यो’ एवढंच म्हणायच्या आणि घरातल्या सगळ्या बायकांना कळायचं की त्याच्यासमोर चहा घेऊन पोरीला पाठवायचं नाही. पुष्कळदा गुन्हा ठरावा एवढं अजून घडलेलं नसतं, तेव्हा कायद्याकडे त्याला नाव नसतं. आपल्या भाषेकडे होतं.

तसंच ‘मनात पाल चुकचुकली’. भिंतीवरची पाल दिसत नाही, फक्त आवाज येतो. काय चुकतंय ते सांगता येत नाही तरी काहीतरी चुकतंय, तेव्हा आपण हे म्हणतो. मुली मला सांगतात, ‘बाई, काही झालं नाही हो, पण कसंतरी वाटलं.’ त्या ‘कसंतरी’ला हा पूर्ण वाक्प्रचार द्या. पाल चुकचुकली म्हणाली की घरातलं कुणी पुरावा मागत नाही.

इस्लामपूरहून :

फोनवरच्या ओळखीबद्दल. ‘ओळखलंत का?’ या प्रश्नाने माझ्या सासऱ्यांचे पैसे गेले. पलीकडचा एवढंच म्हणाला, ‘काय काका, ओळखलंत का आवाज?’ आपल्याकडे ‘नाही ओळखलं’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. ते म्हणाले, ‘शिरीष का?’ तो म्हणाला, ‘हो, शिरीषच.’ नाव सासऱ्यांनीच पुरवलं. मग दवाखाना, अडचण, उद्या देतो. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली, थोडे पैसे वाचले. आता त्यांना सांगून ठेवलंय की ‘ओळखलंत का?’ला ‘तुम्हीच सांगा’ हे उत्तर द्यायचं, आणि त्यात उद्धट काही नाही.

सांगलीहून :

सगळ्यांचे आभार. ‘लघळ’ आणि ‘टंच’ आईला वाचून दाखवले. लघळ ऐकल्यावर तिने एका माणसाचं नाव घेतलं. पन्नास वर्षांपूर्वीचं. आमच्या घरोब्यातला. मी त्याला मामा म्हणत मोठी झाले. तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज शब्द समोर आला तेव्हा सांगितलं. पुढे ती बराच वेळ गवार मोडत बसली होती, मीही जवळ बसले.

यादीत मला आणखी एक शब्द घालायचा आहे, ‘परवलीचा शब्द’. गडाच्या दरवाजावर पहारेकरी मागायचा तो. आमच्या घरात आता एक ठरवला आहे. भाचीला किंवा शाळेतल्या धाकट्याला न्यायला आईबाबांखेरीज कुणीही आलं, काका असो, शेजारी असो, तर मुलं आधी तो शब्द विचारतील. सांगता आला तर जायचं, नाही तर शाळेच्या फाटकातच थांबायचं. शब्द आईने सुचवला. तिच्या माहेरच्या एका विहिरीचं नाव आहे. इथे अर्थातच लिहीत नाही.