गेमचा बॉक्स: खेळाचा भाग की नुसतं वेष्टन?

दिगंत

डिजिटल खरेदी रुळल्यापासून "बॉक्स गेला तर काय बिघडलं, गेम तर तोच आहे" असं वारंवार वाचायला मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. कितीतरी गेममध्ये बॉक्सवरचं चित्र आणि आतला कागद खेळात मोजायला हवेत. ते वगळले की हातात अपुरा गेम उरतो.

१९७७ चा अटारी व्हीसीएस हा घरगुती गेम-कन्सोल बघा. रॅम अवघी १२८ बाइट, पडद्यावर आडवे १६० ठिपके. त्यावरच्या 'कॉम्बॅट' गेममधले रणगाडे म्हणजे निव्वळ ठोकळे. क्लिफ स्पोनने बॉक्सवर रणगाडे आणि विमानं एकमेकांत मिसळत जातील असं रंगचित्र काढलं आणि त्या ठोकळ्यांना रूप मिळालं. यंत्राला जे दाखवता येत नव्हतं ते कागदाने दाखवलं.

आतल्या वस्तूंचंही तेच. इन्फोकॉम कंपनीच्या 'डेडलाइन' या शब्दांतून खेळायच्या खूनतपासाच्या गेमचा (१९८२) सगळा मजकूर डिस्कवर मावत नव्हता. म्हणून जबाब, शवचिकित्सेची माहिती, घटनास्थळाचा फोटो, अगदी गोळ्यांची पुडीसुद्धा बॉक्समध्ये घातली. हे पुरावे न वाचता तपास करायचा म्हणजे अर्धी फाइल घेऊन खटला चालवण्यासारखं आहे.

मुक्ता_क

उदाहरणं खरी आहेत, पण वेचून काढलेली आहेत. बहुतेक बॉक्स म्हणजे दुकानातल्या मांडणीवरची जाहिरात. जाहिरात चांगली असू शकते, कलात्मकही असू शकते, पण म्हणून ती गेमचा भाग होत नाही.

'मेगा मॅन'च्या (१९८७) अमेरिकी बॉक्सवर हातात पिस्तूल धरलेला, अवघडून उभा असलेला पोक्त माणूस आहे. गेममधला नायक हातालाच तोफ असलेला छोटा यंत्रमानव. 'फॅलॅन्क्स' हा अंतराळयानांच्या गोळीबाराचा गेम, त्याच्या अमेरिकी बॉक्सवर दाढीवाले आजोबा बँजो वाजवताहेत. लोकांनी थबकून बघावं एवढाच हेतू. चित्र जर खेळाचा भाग असेल, तर प्रदेश बदलला की ते बदलतं कसं?

निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस हा घरगुती कन्सोल आणला तेव्हा सुरुवातीच्या गेमच्या काळ्या बॉक्सवर गेममधलीच ठिपक्यांची चित्रं मोठी करून छापली. दोनच वर्षांपूर्वी तिथला बाजार कोसळला होता आणि कव्हरवर एक, पडद्यावर भलतंच या प्रकाराला गिऱ्हाईक विटलं होतं. माझ्या मते आजवरची सर्वात प्रामाणिक कव्हरं तीच.

दिगंत

मुक्ता, प्रदेशाचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. 'इको'चं (२००१) जपान आणि युरोपमधलं कव्हर खुद्द दिग्दर्शक फुमितो उएदाने काढलंय, इटालियन चित्रकार डी किरिकोच्या चित्रांच्या धर्तीवर: लांब सावल्या, ओस कमानी आणि त्यात दोन चिमुकल्या आकृत्या. अमेरिकी कव्हरवर नायकाचा मोठा चेहरा आहे. पहिलं चित्र बघून सुरुवात करणारा गेम घडतो त्या वाड्याची शांतता आधीच ऐकतो. दुसरं बघणारा मारामारीची वाट बघत बसतो.

आणि 'ओकामी'? २००८ मध्ये या गेमच्या निन्टेन्डो वी कन्सोलसाठीच्या आवृत्तीच्या कव्हरवर एका संकेतस्थळाचा वॉटरमार्क चुकून छापला गेला, तेव्हा प्रकाशक कॅपकॉमने बदली कव्हरं फुकट देऊ केली. नुसत्या वेष्टनासाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही.

कोरा_कणा

छपाईच्या बाजूने थोडं लिहितो, कारण कव्हर चांगलं की वाईट हे निम्मं तिथे ठरतं.

डीव्हीडी आकाराच्या केसचा कागद साधारण २७३ × १८४ मिमी असतो. पुढची बाजू १२९.५, कणा (केसची अरुंद उभी कड) १४, मागची १२९.५. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून जाणारं जादा चित्र), रिझोल्यूशन प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). कापताना कागद मिलिमीटरभर सरकतो, हे गृहीत धरूनच मांडणी करायची. नवखे लोक कण्याला वेगळा गडद रंग देतात आणि मग त्या रंगाची बारीक पट्टी पुढच्या बाजूवर डोकावते. त्यापेक्षा पुढच्या चित्राची पार्श्वभूमीच कण्यावर वळवून न्यावी. कण्यावरची अक्षरं दोन्ही कडांपासून किमान २ मिमी आत ठेवावीत. पडद्यावर झगझगीत दिसणारा हिरवा किंवा जांभळा रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांमध्ये) मळकट होतो, त्यामुळे चित्रकाराला पहिल्या दिवसापासून छपाईच्या रंग-प्रोफाइलमध्येच चित्र बघायला सांगावं. वर प्लॅटफॉर्मची पट्टी आणि खाली वयोगटाचं चिन्ह येणारच. त्यांची जागा मोकळी न ठेवता काढलेल्या चित्रात नायकाचे पाय चिन्हाखाली जातात.

आता डिजिटलकडे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर लायब्ररीचं उभं चित्र ६०० × ९०० पिक्सेल, म्हणजे जुन्या कव्हरचाच वारसा. पण शोधयादीत तेच कव्हर काही सेंटिमीटरच्या आडव्या पट्टीत दिसतं. तिथे नाव आणि एक चेहरा, एवढंच टिकतं. 'इको'चं कव्हर त्या पट्टीत नुसता पिवळा डाग दिसेल. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने या चित्रांवर पुरस्कार, परीक्षणातले गुण, सवलतीचा मजकूर टाकायला मनाई केली, हे फार बरं झालं. तरी लहान आकाराची अडचण उरतेच. विस्तीर्ण दृश्य मांडायला पृष्ठभाग लागतो आणि तो फक्त बॉक्स देतो.

मुक्ता_क

पृष्ठभाग देतो, मान्य. पण आज त्या बॉक्सच्या आत काय असतं? मॅन्युअल केव्हाच गेलं. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलसाठी 'गेम-की कार्ड' निघाली: कार्ट्रिजमध्ये पूर्ण गेम नाही, फक्त डाउनलोडची किल्ली. बॉक्सवर खाली तशी सूचना असते, ती वाचूनच घ्या. सर्व्हर बंद झाला की सुंदर कव्हरची रिकामी केस उरेल. जपायची शक्ती मर्यादित असेल तर ती डेटावर खर्च करा, पुठ्ठ्यावर नको.

जतनवेडा

दोन्ही जपता येतं, फक्त क्रम पाळा.

आधी फ्लॉपी. तिचा चुंबकीय थर पुठ्ठ्याच्या कितीतरी आधी दगा देतो. बुरशीचे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, वाचणारं हेड खराब होऊन पुढच्या डिस्कवर ओरखडे पडतात. साडेतीन इंचीची राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडा, सव्वापाच इंचीची खाच झाका. चोरीरोधक खुणा असलेल्या डिस्कची साधी फाइल-कॉपी चालत नाही, क्रायोफ्लक्ससारख्या उपकरणाने कच्चा चुंबकीय संकेतच उतरवावा लागतो.

मग बॉक्स. सर्वात मोठा शत्रू प्रकाश. किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, म्हणून उन्हात राहिलेले बॉक्स निळसर दिसतात. कणा कायम बाहेरच्या बाजूला असल्यामुळे तो सर्वात आधी फिका पडतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. ६५ च्या वर बुरशी धरते, फार कोरड्या हवेत घड्यांवर तडे जातात. संरक्षक कव्हर पीईटीचं घ्या, पीव्हीसीचं नको, कारण त्यातला मऊपणा आणणारा द्रव पाझरतो आणि प्लास्टिक शाईला चिकटतं. जुन्या पीसी गेमचे मोठे बॉक्स आतून पोकळ असतात, एकावर एक रचले की मधोमध बसतात. उभे ठेवा आणि आत आम्लरहित कागदाचा सैल भराव घाला. आतला फोम काढून टाका, तो कालांतराने भुगा होऊन मॅन्युअलला चिकटतो. रबरबँडचंही तसंच.

किमतीचा स्टिकर काढताना नखाने खरवडू नका. हेअर ड्रायर मंद आचेवर, वीतभर लांबून अर्धा मिनिट फिरवा आणि स्टिकर जवळजवळ आडव्या कोनात, सावकाश ओढा. उरलेला गोंद लायटरच्या नॅफ्थाने निघतो, पण आधी आतल्या झडपेवर थेंबभर लावून बघा. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर कधीही वापरू नका, शाईच विरघळते.

श्रिंक-रॅपबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही: ते फाडावं. वर्षानुवर्षं ते आकसत जातं, कोपरे दाबतं आणि पुठ्ठ्याला कायमचा बाक येतो.

मुक्ता_क

हा क्रम मला मान्य आहे, कारण डिस्क पहिली आहे. पण मग बॉक्सचं उत्तम स्कॅन केलं तर मूळ पुठ्ठा सांभाळायची गरज काय?

जतनवेडा

स्कॅन वाटण्यासाठी आहे, मूळ वस्तू तपासण्यासाठी. ६०० डीपीआय, टिफ फाइल, स्कॅनरचं शार्पनिंग बंद, बाजूला रंगपट्टी. छपाईच्या ठिपक्यांमुळे नक्षीदार लाटा दिसल्या तर डीस्क्रीनचा (त्या लाटा पुसणाऱ्या फिल्टरचा) उपाय फक्त प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. कोपऱ्याची चिकटवलेली झडप सपाट करण्यासाठी उचकटू नका. मोठा नकाशा तुकड्यातुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर पाचव्या हिश्श्याएवढा यायला हवा. आणि तरीही उठावदार अक्षरं, सोनेरी वर्ख, कापडी नकाशाचा पोत यातलं काहीही सपाट स्कॅनमध्ये धड उतरत नाही.

दिगंत

'मंकी आयलंड'च्या (१९९०) बॉक्समधल्या, नक्कल रोखण्यासाठी दिलेल्या पुठ्ठ्याच्या फिरत्या चकतीचं काय करायचं? चाच्याच्या चेहऱ्याचे वरचे-खालचे भाग जुळवून खिडकीतलं साल टाइप करायचं, तरच मूळ आवृत्ती पुढे जाते. दोन चकत्या जोडणारा मधला रिव्हेट (धातूची खीळ) काढला तर दोन्ही चकत्या नीट स्कॅन होतील, पण भोक फाटतं.

जतनवेडा

रिव्हेट काढू नका. वरची चकती एकेक घर फिरवत प्रत्येक स्थितीचा वेगळा स्कॅन घ्या, खालची चकती मात्र काचेवर एकाच जागी राहायला हवी, त्यासाठी काचेच्या कडेला पुठ्ठ्याचा काटकोन टेकवा. मग खिडक्यांमधून दिसलेली सालं एका तक्त्यात उतरवा. तक्ता डिस्कच्या प्रतीसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला गेम मिळेल आणि तो पहिल्याच प्रश्नावर अडेल.