पट्टेवाली आपली खार म्हणजे चिपमंकच का बाप्पा?

वावरवाला_दारव्हा
मंडळी एक प्रश्न हाय, हसू नका. पोरगी पाचवीत हाय, मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ पाहून राह्यली होती, त्यात पाठीवर पट्टे असलेला इवलासा प्राणी आला अन् त्याचं नाव सांगितलं चिपमंक. पोरगी म्हणे बाबा हे तर आपल्या कवेलूत राह्यते तेच. अन् खार म्हणून जी दाखवली ते करडी, बिनपट्ट्याची, ह्या एवढ्या झुपक्याची शेपटी. आता मले बी समजून नाही राह्यलं. आमच्याकडे दरवर्षी वाशाच्या सांदीत खार घर करते, औंदा तर माळ्यावरच्या गादीचा कोपरा फोडून कापूस नेला, बायको म्हणते हाकला तिले, मी म्हणतो पिल्लं हायेत राहू दे. शाळेत विचारलं तर दोन्ही एकच म्हणून लिहून टाक म्हणे. पोरीनं लिहिलं बी. खरं काय हाय?

बिनधास्त_वर्धेकर
पट्टे असले की चिपमंक, नसले की खार. विषय संपला. काहून एवढं डोकं लावता?

रानवाटा_धारणी
वर्धेकर भाऊ विषय तिथंच फसते न. हा नियम अमेरिकेतला, तिथल्या झाडावरच्या खारींना पट्टे नसतात म्हणून तिकडच्या लोकांना पट्टे दिसले की चिपमंकच आठवते. आपल्याकडे लावला तर गावातली प्रत्येक खार चिपमंक होऊन जाईल. चिपमंकाच्या २५च्या आसपास जाती आहेत अन् एक सोडून सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या, ती एक सायबेरियाची, ते रशिया, चीन, कोरिया, जपानकडे. भारतात रानात चिपमंक नाहीच.

पाठ पाहू नका, तोंड पाहा. चिपमंकाच्या गालावर, डोळ्याच्या वरून-खालून बी पट्टे जातात, आपल्या खारीचे पट्टे पाठीवरच, तोंड साफ. आता दोघं एकाच खानदानातले हे खरं, पण तसं तर मेळघाटातलं आपलं शेकरू बी त्याच खानदानातलं, राज्यप्राणी, दीड-दोन किलोचं धूड, त्याला कोणी चिपमंक म्हणते का? आपली खार तर शंभरेक ग्रॅमची असंन. रात्री या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाणारी उडती खार बी त्याच घरची, पण ते दिसायला नशीब लागते.

अचलपूरची_सून
मी लग्नानंतर सहा वर्षं कॅनडात आहे, ऑन्टारियोमध्ये, चिपमंक रोज बघते म्हणून सांगते. मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया ठेवते तर तो येतो आणि खातच नाही, नुसता गालात कोंबत राहतो, कोंबत राहतो, डोकं डबल होतं, गालफुगी झाल्यासारखं, मग पळत जाऊन पायरीखालच्या बिळात सगळं रिकामं करून दोन मिनिटांत परत हजर. गालात आतून पिशव्याच असतात त्याला. आपल्या खारीला नसतात, ती बोर नाहीतर शेंगदाणा दोन्ही हातात धरून तिथंच कुरतडत बसते, आठवून बघा.

दुसरं म्हणजे घर. चिपमंक झाडावर चढतो पण राहतो जमिनीत, लांबच लांब बीळ, त्यात धान्याची वेगळी खोली. थंडीत बर्फ पडला की महिनोन्महिने दिसत नाही, बिळात झोपून असतो, मधूनमधून उठतो, साठवलेलं खातो आणि परत झोपतो. आपली खार कुठं झोपते हो, डिसेंबरात पण सकाळपासून तिची चिकचिक सुरूच.

आणि गंमत म्हणजे चिपमंक हा शब्द इथल्या मूळ लोकांच्या ओजिब्वे-ओडावा भाषेतून आला, आणि तिथं त्याचा अर्थ लाल खार! म्हणजे घोळ तुमच्या पोरीनं नाही, त्यांनीच आधी घातलाय 😄

बिनधास्त_वर्धेकर
बरं बाप्पा माघार. पण पट्टे तीन का असतात? रामानं पाठीवरून बोटं फिरवली म्हणून न?

रानवाटा_धारणी
आजी तेच सांगायची अन् मले ते आवडते बी. पण मोजायला गेलं की पंचाईत, कारण आपल्याकडे तीन पट्ट्यांची बी खार हाय अन् पाच पट्ट्यांची बी. पाचवालीचे कडेचे दोन फिके असतात, घाईत पाहणाऱ्याला तीनच दिसतात. वावरवाला भाऊ, तुमची कोणती?

वावरवाला_दारव्हा
आज मुद्दाम दुपारी पोरीले घेऊन ओसरीत बसलो. अर्धा तास काही नाही, मंग आली, धुऱ्यावरच्या निंबातून भिंतीवर, डोकं खाली करून उतरली, पोरीनं टाकलेला भुईमुगाचा दाणा दोन हातात धरला अन् तिथंच बसून खाल्ला. गाल फुगले नाही. तोंडावर पट्टा नाही. पाठीवर मले तीन दिसले, पोरगी म्हणे बाबा पाच हायेत, चष्मा लावून पाह्यलं तर पाचच. वहीतलं खोडलं तिनं. बायको फक्त एवढंच म्हणाली की जात समजली ते बरं झालं, आता गादीचा कोपरा कोण शिवते ते बी विचारा त्या लोकायले.