मदत हवी आहे: सुटे स्ट्रीट फोटो की मालिका?

चार वर्षांच्या स्ट्रीट फोटोंतून साठेक निवडलेत. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सला प्रवेशशुल्क नाही, म्हणून तिथे ओपन गटात दोनदा सुटे फोटो पाठवले. निवड झाली नाही. एका सशुल्क स्पर्धेत अंतिम यादीत आलो, पण पुढे कोणी विचारलं नाही. तीन गॅलऱ्यांना ईमेल केले. एकीचंच उत्तर आलं: फोटो छान, पण एकसंध मालिका हवी. (रस्त्यावर विषय ठरवून कोण जातं!)

रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल्स) आहेत, क्रॉपपलीकडे एडिटिंग नाही. चेहरे दिसतात, लेखी परवानगी कुणाचीच नाही. शुल्कावर आणखी खर्च नको.

सोनीच्या प्रोफेशनल गटाला ५ ते १० फोटोंची मालिका लागते. ती जुन्या साठ्यातूनच बांधावी की नव्याने काढावी? आणि प्रिंट विक्रीला ठेवताना गॅलरी अशा परवानग्या मागते का?