मदत हवी आहे : ओहायोपाइलजवळची मल्टी-कॅश नदीपलीकडे कशी गेली?

नमस्कार. आम्ही पिट्सबर्गला राहतो आणि दोन वर्षांपासून मुलीबरोबर जिओकॅशिंग करतो, म्हणजे इतरांनी लपवलेल्या डब्या अक्षांश-रेखांशांवरून शोधतो, आतल्या वहीत सही करतो आणि डबी होती तिथेच ठेवून परततो. आजवर साध्या डब्याच शोधल्या. या वेळी प्रथमच अनेक टप्प्यांची मल्टी-कॅश घेतली आणि शेवटच्या टप्प्यावर अडकलो.

पिट्सबर्ग ते कंबरलंड हा सुमारे २४० किलोमीटरचा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, म्हणजे चालण्या-सायकलीचा मार्ग, बराचसा जुन्या, रूळ काढून टाकलेल्या रेल्वेमार्गांवरून जातो. त्यातल्या ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स या यॉकिओगेनी (Youghiogheny) नदीकाठच्या भागात ही डबी आहे. (नदीचे नाव लिहिण्याप्रमाणे उच्चारू पाहणाऱ्याची फजिती ठरलेली, म्हणून स्थानिक लोक तिला नुसते ‘यॉक’ म्हणतात.) आगगाडीसाठी आखलेली वाट असल्याने चढ जाणवत नाही, त्यामुळे नाशिकहून आलेले माझे वडीलही काठी घेऊन बरोबर होते. त्यांची सारी नोकरी रेल्वेत रूळदेखभालीवर गेली असल्याने वाटेतल्या प्रत्येक मोरीपाशी (वाटेखालून पाणी जाण्यासाठी बांधलेल्या छोट्या पुलापाशी) ते थांबत आणि वाकून तिचा दगड पाहत.

पहिल्या टप्प्यावर मैलाच्या खांबावरचे आणि माहितीफलकावरचे आकडे घेऊन गणित करायचे होते. ते आम्ही दोनदा पडताळले. इतरांचा विरस होऊ नये म्हणून इथे आकडे बदलून देतो : अक्षांशाचे उत्तर ‘३९ अंश ५२.३५०’ असे आले. शेवटचे शून्य निरर्थक असणार असे समजून मी फोनच्या नकाशात ३९ अंश, ५२ मिनिटे, ३५ सेकंद असे भरले आणि रेखांशही त्याच पद्धतीने भरला. बाण थेट नदीपलीकडे, चालू लोहमार्गाच्या कडेला गेला. आम्ही पाहत असतानाच तिथून लांबलचक मालगाडी गेली आणि वडिलांनी ‘रुळांजवळ कोणी खेळ मांडत नाही, तुझेच काहीतरी चुकले आहे’ असे सांगून पुढे जायला साफ नकार दिला.

दरी अरुंद आणि झाडी दाट असल्याने उपग्रहांचा संकेत भरकटला असावा, असा माझा कयास आहे. कॅशसोबतच्या सूचनेत ‘मोरी, वरच्या अंगाला’ एवढेच आहे. तज्ज्ञांनी कृपया सांगावे की चूक गणितात आहे की यंत्रात, आणि ‘सापडली नाही’ अशी नोंद आताच करावी की आणखी एकदा जाऊन यावे?

प्रतिसाद

आपले गणितही बरोबर आहे आणि यंत्रही. चूक दशांशचिन्हापुढच्या आकड्यांना सेकंद मानण्यात आहे. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांशातली मिनिटे लिहिण्याचा प्रघात आहे, सेकंद लिहीत नाहीत. ५२.३५० म्हणजे ५२ मिनिटे आणि मिनिटाचा ०.३५० भाग, म्हणजेच २१ सेकंद. आपण ३५ भरले. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा असतो, म्हणून १४ सेकंदांच्या फरकाने आपण जवळजवळ ४३० मीटर उत्तरेला गेलात. दरीतल्या कड्यांवरून संकेत परावर्तित होऊन बाण दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतो हे खरे, पण तो अख्खी नदी ओलांडत नाही.

आपल्या वडिलांचे म्हणणे नियमालाही धरून आहे. अमेरिकेत चालू रुळांपासून सर्वसाधारणपणे १५० फुटांच्या आत डबी ठेवू देत नाहीत, त्यामुळे बाण रुळांवर गेला की आधी आकड्यांवरच संशय घ्यावा. रेखांशही पुन्हा भरून पाहा. दोन्ही आकडे दशांशातल्या मिनिटांत भरले की बाण पायवाटेजवळ, बहुधा एखाद्या मोरीपाशीच थांबेल.

‘सापडली नाही’ ही नोंद जरूर करावी, तीत कमीपणा नाही. मात्र आपण अजून खऱ्या जागी गेलाच नाहीत, त्यामुळे आत्ताच तशी नोंद केली तर डबी हरवली की काय या शंकेने ती लपवणाऱ्या मालकाला विनाकारण खेप पडेल. पुन्हा जाल तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि घरी परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे पाहावे, कारण पेनसिल्व्हेनियात त्यांच्यापासून लाइम रोग होतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. शनिवारी जाऊन आलो. बाण मोरीपासून आठ-नऊ मीटरवर घुटमळत राहिला, पण वडिलांनी त्याच्याकडे न पाहता मोरीच्या पंखभिंतीतला (तोंडाशी बाजूला असलेल्या भिंतीतला) एक सैल दगड काठीने दाखवला आणि त्यामागे डबी निघाली. झाकणातून पाणी शिरल्याने वहीची पाने एकमेकांना चिकटली आहेत आणि सही जेमतेम उमटली. असा कागद आपणच बदलायचा असतो, की आधी मालकाला कळवायचे असते?