लेक लाडकीचा फॉर्म – जिना झाडायला येणाऱ्या ताईंसाठी

ए-२०२: नमस्कार, जरा मोठा मेसेज आहे पण प्लीज वाचा. आपल्याकडे जिना झाडायला येतात त्या ताईंना गणपतीच्या आधी दुसरी मुलगी झाली ना, काल मी विचारलं सरकारच्या लेक लाडकी योजनेचा फॉर्म भरलात का, तर म्हणाल्या ते पहिल्या मुलीलाच मिळतं असं कोणीतरी सांगितलं म्हणून गेलेच नाही. तसं नाहीये!! १ एप्रिल २०२३ च्या आधीचं एक मूल असेल आणि त्यानंतर दुसरी मुलगी झाली तरी त्या मुलीला मिळतं, फक्त आईवडिलांपैकी एकाचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं हवं आणि त्याचा दाखला हवा. ताईंचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालंय पण दाखला मागायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलं नाही.

सी-१०४: हे लाडकी बहीणमधलंच का? किती मिळतात?

ए-२०२: नाही वहिनी, ते वेगळं, हे मुलीच्या नावाने. एकूण १ लाख १ हजार पण टप्प्याटप्प्याने. जन्मल्यावर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत. फॉर्म अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा.

बी-३०१: १८ वर्षांनी त्या ७५ हजारांची किंमत काय राहणार? त्यापेक्षा दर महिन्याला थोडे द्यावेत, पोरांच्या दूध-अंड्याला तरी होतील.

ए-२०२: काका, महागाईचं तुमचं अगदी बरोबर आहे. पण मला अकरावीचे ८००० महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे वाडीवरच्या किती मुली दहावी झाली की घरी बसतात, रोज एसटीने मालवणात यायचं, पास, पुस्तकं, प्रॅक्टिकलची फी, आणि त्यात पावसात होड्या बंद म्हणजे घरात पैसाच नाही. नेमके तेव्हाच हे पैसे येतात. आणि शेवटचे ७५ हजार लग्न झालं नसेल तरच मिळतात, त्यामुळे लवकर उजवून टाकायची घाई करणारा बापही थांबेल.

बी-१०३ काकू: ह्यां बरा सांगलंस गो. पण पैशे येतत खय? माझ्या भाच्येचे सा म्हयने झाले अजून नाय.

ए-२०२: काकू तेच सांगणार होते. ताईंचा मातृवंदना योजनेचा (बाळंतपणाच्या मदतीची वेगळी सरकारी योजना) फॉर्म आशाताईंनी वेळेत भरला होता, दुसरी मुलगी झाली की त्यात ६००० एकदम मिळतात (तो जन्मापासून २७० दिवसांच्या आत भरावा लागतो, हे पण लक्षात ठेवा). पासबुकात काहीच नाही म्हणून त्या रडकुंडीला आलेल्या. मग जिन्यातच बसून आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस (म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते) बघितलं, ओटीपी आला आणि तिथे भलत्याच बँकेचं नाव! लग्नाआधी काजू फॅक्टरीत होत्या तेव्हा पगारासाठी उघडलेलं खातं, पासबुक देवगडला माहेरी. आधार दोन-तीन खात्यांना जोडलेलं असलं तरी सरकारी पैसे सीडिंग असलेल्या एकाच खात्यात जातात. भावाने पासबुक भरून आणलं तर ६००० तिथेच पडलेले. काकू, भाचीचं पण हेच आधी बघा.

बी-१०३ काकू: आजच सांगतंय तिका फोन करून

सी-१०४: माझ्याकडे मासे घेऊन येते तिचा नवरा गेला मागच्या वर्षी, मुलगा चौथीत आहे. मुलांसाठी काही नाही का?

ए-२०२: आहे ना, बालसंगोपन योजना! आई किंवा वडील गेले असतील तर अर्ज करता येतो, मुलगा असो की मुलगी, महिन्याला २२५०, वय १८ पर्यंत. ओरोसला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करायची, मंजुरी बालकल्याण समिती देते. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आहे का तेवढं विचारून ठेवा. तिला जाणं जमणार नसेल तर मी येते बरोबर, पण हे राहू देऊ नका, हक्काचे पैसे आहेत त्या पोराचे.

सी-१०४: उद्या सकाळी येईल ती, विचारते

बी-३०१: मी सोमवारी तहसीलला जातोय. ताईंच्या मिस्टरांना माझ्याबरोबर पाठव, उत्पन्नाच्या दाखल्याचं काम करून टाकू.

ए-२०२: थँक्यू काका 🙏 रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स मी आज संध्याकाळी काढून तुमच्याकडे देते. ऑपरेशनच्या दाखल्यासाठी ताईंना घेऊन मी दवाखान्यात जाते, डिस्चार्ज कार्ड त्यांनी जपून ठेवलंय.