मुंगळ्याची राणी पाळलीय, खायला काय देऊ?

घोडबंदरकर: पहिल्या पावसानंतर जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली पंख गळालेली मुंगळ्याची राणी सापडली. टेस्ट ट्यूबमध्ये तळाला पाणी, वर कापसाचा बोळा, पुढे ती. पाच आठवडे झाले. अळ्या आहेत, दोन फिकट तपकिरी कोषही. पण साखरपाण्याला तोंड लावत नाही. आई म्हणते, लोक मुंग्यांना खडू मारतात, आमचे चिरंजीव बाळंतपण करतायत. उपाशी मरेल का हो?

खारघरची किडेवाली: नाही मरत. आता न लागणारे पंखांचे स्नायू जिरवून त्यावरच ती पिल्लं पोसते. कागद गुंडाळ आणि अंधारात ठेव. मी पहिल्या वेळी रोज टॉर्च मारायचे, बाईने अंडीच खाऊन टाकली.

कामकरी बाहेर आले की टाचणीच्या डोक्याएवढा मधाचा थेंब, फॉइलच्या तुकड्यावर. अळ्यांना प्रथिनं लागतात, म्हणून झुरळाची तंगडी किंवा उकडलेल्या अंड्याचा कण. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढ, आपल्याकडच्या दमट हवेत लगेच बुरशी धरते. आणि सोसायटीतलं झुरळ अजिबात नको! पेस्ट कंट्रोलचं एक झुरळ दिलं, दोन दिवसांत माझी अख्खी वसाहत आडवी.

कळव्याचा काका: हे सुतार मुंगळे ना? फर्निचर सांभाळा.

खारघरची किडेवाली: काका, ते लाकूड खात नाहीत, पोखरून राहतात. त्यात आपला काळा मुंगळा बहुतेक झाडाच्या बुंध्याशी, मातीतच घर करतो.

घोडबंदरकर: कागद गुंडाळला. आईच्या कपाटात ठेवलीय, तिला अजून सांगितलं नाही.